रडक्या काचेचे पाच पेले

१ सप्टेंबर

पोचलो एकदाचा! बस दोन तास उशिरा, शेजारच्या सीटवरचे गृहस्थ माझ्याच खांद्याची उशी करून घोरत होते, पण स्वारी खुशीत आहे. खोली दुकानाच्या वर आहे. एक खिडकी रस्त्यावर उघडते, दुसरी मागच्या अंगणात. पलंग, टेबल, एक खुर्ची जिचा एक पाय आखूड (पुठ्ठ्याची घडी सारून बसवला), आणि एक नळ, जो जोरात सोडला की शिट्टी मारतो. एकट्या माणसाला आणखी काय लागतं!

ही वही लेकीने दिली. बसमध्ये चढताना हातात कोंबली आणि म्हणाली, बाबा, रोज लिहायचं. दुकानाचं लिहा, गावाचं लिहा, पण मुख्य म्हणजे आईचं लिहा. तिचा आठवा महिना संपत आलाय. बाळाला आजी बघायला नाही मिळणार, निदान वाचायला तरी मिळावी, असं तिचं म्हणणं. ही फेब्रुवारीत गेली.

ही म्हणजे आमची ही. ती मला ‘ऐकलंत का’ म्हणायची, मी तिला ‘अगं’. एकोणतीस वर्षं तेवढ्यावर निभावलं, कुणाचं काही अडलं नाही.

लेकीला हवी आहे ती फुटलेल्या चंबूची गोष्ट. मी कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये मदतनीस होतो, ही ऑफिसात नवी कारकून. कसल्याशा कागदावर सही घ्यायला लॅबमध्ये आली, वळताना कोपर लागलं आणि काचेचा चंबू खाली. तेव्हा मी तिला एक वाक्य बोललो, आणि त्या वाक्यावर आपण लग्न केलं असं ही सगळ्यांना सांगायची. पण वाक्य सांगायची वेळ आली की हिला आधीच हसू फुटायचं, तोंडावर हात ठेवून स्वयंपाकघरात पळायची. मी सांगू लागलो तर डोळे वटारायची. म्हणजे ते वाक्य जगात दोघांनाच ठाऊक होतं, आता एकट्या मला. लिहीन. नीट बसून, सविस्तर लिहीन. आज पाठ फार धरली आहे.

३ सप्टेंबर

दुकान म्हणजे जुन्या काचेचं दुकान. मालकीणबाई साठीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. नवरा गेल्यापासून एकट्याच चालवतात. माझी परीक्षा त्यांनी अशी घेतली: मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागे सात भांड्यांवर एकेक टिचकी मारली. तडा गेलेलं कोणतं ते सांगायचं होतं. चांगली काच टिचकी मारली की गाते, तडकलेली नुसती ‘थप्प’ म्हणते. मी म्हटलं, तिसरं आणि सातवं, आणि सातव्याचा तडा बुडाशी आहे. बाईंनी चहा मागवला.

काम म्हणजे गावोगावच्या विक्रीतून आलेला माल धुणं, तपासणं, मांडणं. एकतीस वर्षं हेच केलं, फरक एवढाच की आता कुणी त्यात आम्ल ओतणार नाही. मी बाईंना माझे दोन नियम सांगून टाकले. पुसायला घ्यायचं तर आधी लहान भांडी, मग मोठी, नाहीतर लहान हमखास फुटतात. आणि स्टँडवर ओलं भांडं ठेवायचं नाही. एक थेंबसुद्धा नाही. कॉलेजात पोरं मला बाटलीकाका म्हणायची ती उगाच नाही. ओली काच दिसली की माझे हात शिवशिवतात, त्याला इलाज नाही.

बाई म्हणाल्या, एका बाबतीत हा नियम इथे चालणार नाही. काही जुनी काच स्वतःच ओली होते. धंद्यात तिला रडकी काच म्हणतात. ती कधी दुकानात आलीच तर तिला खिडकीशी ठेवायची आणि आपोआप वाळू द्यायची. हाताने पुसायची नाही, हाताला सवय लागते.

मी मनात हसलो. अहो, काच बनवताना क्षार जास्त पडला की ती हवेतलं पाणी ओढून घेते. लॅबच्या कपाटात ढीगभर पाहिलंय. पण नवी नोकरी, तोंडाला कुलूप लावलं.

६ सप्टेंबर

पहिली विक्री! गाडी चालवतात ते मिशीवाले. मिशी अशी की आधी ती गाडीत बसते, मग ते. निघताना थोरल्या बहिणीला फोन, पोचल्यावर परत फोन. आई लहानपणीच गेली, थोरलीनेच वाढवलं. पन्नाशीचा माणूस, पण ‘जेवलास का’ असं तिने विचारलं की शाळेतल्या पोरासारखा ‘हो गं’ म्हणतो. मला फार मजा वाटली.

आणि विक्री म्हणजे काय आनंद असतो! कुणाचंतरी घर रिकामं होत असतं. अंगणात टेबलं, टेबलांखाली खोकी, खोक्यांत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीबाही. कपबशा, घड्याळं, दार नसलेल्या पिंजऱ्यात चमचे. लोक वस्तू उचलतात, उलट्या करतात, नाक मुरडून ठेवतात आणि फेरी मारून परत तिथेच येतात. मी थेट गुडघ्यांवर बसलो आणि खोक्यात कोपरापर्यंत हात घातले. एक हिरवी बाटली निघाली, मानेत तिरका बुडबुडा. एक मीठदाणी, दिव्याच्या दोन काचा, आणि एक इवलीशी औषधाची कुपी, बुडाला खरखरीत वण. फुंकणाऱ्याने नळीवरून तोडली तेव्हाचा तो वण, शंभर वर्षं तसाच. उन्हात धरली तर आत सगळं अंगण उलटं दिसलं, मिशीवाल्यांसकट.

ही असती तर म्हणाली असती, अहो, आधी गुडघे झटका. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत फिरली असती.

७ सप्टेंबर

रविवार. लेकीचा फोन. आधी बरी बोलली, मग रडली. म्हणाली, बाबा, तुम्ही अजून एकदाही रडला नाहीत, मला त्याचीच भीती वाटते. मी म्हटलं, अगं, कुणी नाही म्हटलंय का, येत नाही त्याला काय करू. हॉस्पिटलात नाही, नंतरही नाही. छातीत इथे एक गोळा बसलाय, जेवताना घास त्याला वळसा घालून जातो, बस. वाक्य लिहिलं का म्हणून विचारलंन. म्हटलं, या आठवड्यात.

१३ सप्टेंबर

आजचं घर गावाबाहेर होतं. घरची बाई वारलेली, सून विक्री करत होती. ढग नव्हते, कडक ऊन होतं, सगळ्या टेबलांवर धूळ. आणि त्या धुळीत पाच उंच पेले ठेवलेले, फिकट निळे, पाचही ओले. पावसात भिजल्यासारखे नव्हेत, आतून बाहेरून बारीक थेंब, आणि एकेक थेंब सावकाश ओघळत होता. मी टिचकी मारली. इतका लांब सूर मी आयुष्यात ऐकला नाही. मिशीवाले बोलता बोलता थांबले.

सहावा कुठे म्हणून विचारलं तर सुनेने पायरीकडे मान केली. तिथे सासरे बसले होते. दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे, कुणीतरी आणून ठेवावेत तसे. मांडीवर सहावा पेला आणि एक फडकं. ते पुसायचे, थांबायचे, पुसायचे. त्यांच्या बायकोचं सामान समोरून जात होतं आणि ते नुसतं बघत होते. सून म्हणाली, सासूबाई गेल्या तेव्हापासून पुसतायत. आधी वाटलं दुःखाने. आता विचारतात, हे घर कुणाचं. नातवंडांनाही ओळखत नाहीत. पेले घेऊन जा एकदाचे, म्हणाली.

मिशीवाले म्हणाले, बाटलीकाका, नको, बाईंना चालायचं नाही. पण असा माल सोडायचा? बाईंना नको तर मी माझ्या खोलीत ठेवीन म्हटलं. घेतले.

१४ सप्टेंबर

पेले खिडकीशी ठेवले होते, अगदी बाईंच्या नियमाने. सकाळी प्रत्येकाच्या तळाशी बोटभर पाणी. मी चहा प्यायलो, त्यांच्याकडे पाठ केली, वर्तमानपत्र वाचलं. टप. टप. ओलं भांडं मागे ठेवून वर्तमानपत्र वाचायला मला कोणी शिकवलंच नाही.

शेवटी उठलो. पुसायला मऊ कापड हवं होतं. बॅगेत हिचा जुना सुती स्कार्फ होता, निळ्या ठिपक्यांचा. धुऊन धुऊन लोण्यासारखा झालेला. काचेला त्याच्याइतकं चांगलं कापड नाही. पाचही पुसले, लख्ख झाले.

आणि नवल म्हणजे आज दोन वेळा नीट जेवलो. घास सरळ खाली गेला.

१७ सप्टेंबर

रोज सकाळी पुसतो. गोळा कमी झालाय, हे खरंच आहे. सात महिन्यांत पहिल्यांदा जिना चढताना शिट्टी वाजवली. मी का नाही रडत म्हणून लेक काळजी करते, आता म्हणेन, माझ्या वाटचं हे पाच जण रडतायत, मला सुट्टी!

एक चाचणी केली. लॅबमधून आणलेला लिटमस अजून माझ्याकडे आहे. क्षार असता तर तांबडा कागद निळा झाला असता. झाला नाही. एकतीस वर्षं पोरांना सांगितलं, लॅबमधलं काही म्हणून चाखायचं नाही. आज मीच जीभ लावली. खारट आहे, बाकी काही नाही.

२१ सप्टेंबर

लेकीचा फोन. आई फोन उचलण्याआधी दोनदा खोकायची ते लिहिलं का म्हणाली. मी म्हटलं, कोण खोकायचं? ती हसली, तिला वाटलं थट्टा करतोय. मीही हसलो. फोन ठेवल्यावर बराच वेळ आठवून पाहिलं. खोकण्याचं काही सापडलं नाही.

वय झालं, दुसरं काय. पण वाक्य पक्कं आहे. वाक्य जागच्या जागी आहे, आत्ताच मनात म्हणून पाहिलं. उद्या लिहितोच.

२५ सप्टेंबर

मिशीवाल्यांची थोरली गेली. सकाळी फोन आला आणि माणूस दुकानाच्या जमिनीवरच बसला. एवढा मोठा माणूस, हमसून हमसून. मिशी भिजली. बाई गावाला गेलेल्या. मला काय करावं सुचेना, आणि खरं सांगायचं तर मला वाईटही वाटत नव्हतं. नुसतं दिसत होतं की चेहरा ओला आहे. खिशात स्कार्फ होता. मी पुसून दिला.

ते एकदम थांबले. नाक ओढलं, उभे राहिले, आणि विचारलं, काका, आज विक्री किती वाजता आहे?

२६ सप्टेंबर

त्यांच्या गावाहून माणूस आला, बहिणीला पोचवायला चला म्हणाला. मिशीवाले म्हणाले, कुणाच्या बहिणीला? मला बहीण नाही. अगदी सभ्यपणे म्हणाले. तो माणूस रागावून निघून गेला.

गाडी सुरू करताना त्यांनी फोन काढला, बघितला आणि परत ठेवला. कुणाला करायचा होता ते आठवत नाही म्हणाले.

माझ्या पोटात गोळा यायला हवा होता. आला नाही. मला कळलंय काय झालं ते. पायरीवरचे ते गृहस्थ आठवले. आधी काच, मग बायको, मग नातवंडं. सगळं कळतंय, आणि कळणं डोक्यातच राहतंय, खाली उतरत नाही.

२८ सप्टेंबर

चहाचा काचेचा पेला धुताना फुटक्या काठाने बोट कापलं. दुखलं नाही. रक्त बेसिनमध्ये बघून समजलं. दहाही बोटांची टोकं बधिर आहेत.

मागची पानं चाळली. तिचं नाव कुठे लिहिलंय का ते शोधत होतो. सगळीकडे ‘ही’ आणि ‘आमची ही’. एकदासुद्धा नाव नाही. काय मूर्ख माणूस मी. लेकीला फोन करून विचारता येईल, पण नवऱ्याने आपल्या बायकोचं नाव लेकीला कसं विचारायचं?

वाक्य आहे अजून. ते आहे.

२ ऑक्टोबर

बाई जिना चढून आल्या. पेले बघितले, स्कार्फ बघितला, खुर्चीत बसल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, ते रडणं काचेचं नसतं हो, ज्या घरातून येते त्या घराचं असतं. ज्याचं त्याने संपवायचं. दुसऱ्याने पुसलं की पुसणाऱ्याचंही जातं, आणि रडण्याबरोबर ज्याच्यासाठी रडायचं तेही जातं. मी म्हटलं, उपाय? त्या म्हणाल्या, पुसू नका. जे गेलं त्यातलं थोडं परत येईल, पण सगळं एकदम अंगावर येईल. सोसवेल का बघा.

उद्या पुसणार नाही. कानाला खडा.

३ ऑक्टोबर

सकाळी नऊ. पुसले नाहीत. हात मांडीखाली दाबून बसलोय, लिहायला एकच काढलाय. टप. टप.

साडेदहा. गोळा परत आला. पूर्वीपेक्षा मोठा आहे.

अकरा. खोकला आठवला! दोनदा, बारीक, मग ‘हॅलो’. आणि हॉस्पिटलची शेवटची दुपार. तिने माझा हात धरला होता आणि मी घड्याळाकडे बघत होतो, कारण औषधाची वेळ होत होती. घड्याळाकडे! अगं, चुकलं माझं. मला तुझ्याकडे बघायचं होतं. हे फार दुखतंय. इतकं दुखत असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. डोळे जळतायत. येतंय बहुतेक.

साडेअकरा. आत्ताच वाक्य लिहून टाकतो. लेकी, ऐक. चंबू फुटला. तुझी आई रडकुंडीला आली होती, हातात चंबूची नुसती मान. काचेचे तुकडे माझ्या चपलेपर्यंत. तिला वाटलं नोकरी गेली. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो —

तिसऱ्या पेल्यावरून थेंब टेबलावर आला, वहीकडे येतोय. एवढा एकच पुसतो.

बारा. पाचही पुसले. बरं वाटलं.

वरचं वाचलं. कुणाला तरी काहीतरी म्हणालो होतो म्हणे. काय ते लिहायचं राहून गेलं.

९ ऑक्टोबर

जावयांचा फोन. मुलगी झाली, दोघी सुखरूप. केव्हा येता विचारलं. मी म्हटलं, बघतो. मग मागून लेकीचा आवाज, बाबा, बाळाचं नाव आईचं ठेवलंय. तिने नाव सांगितलं. छान आहे म्हटलं. लिहून घ्यायला पेन शोधत होतो, तोवर एक पेला ओघळला.

गेलो नाही.

१६ ऑक्टोबर

बाईंनी पेले नेले. मिशीवाल्यांकडून गावाबाहेरच्या त्या घरी परत पाठवले. खिडकी मोकळी आहे.

नळ पुसला. खिडकीच्या काचा पुसल्या. कुंडीतली पानं पुसली.

२३ ऑक्टोबर

फडकं बरं आहे. निळे ठिपके. कुणाचं असावं. खिशात ठेवतो.

२८ ऑक्टोबर

बाई वर आल्या. म्हणाल्या, त्यांचे यजमानही असेच — दार लावून पुसत बसायचे, आणि शेवटी त्यांनी बाईंनाच विचारलं, तुम्ही कोण. सांगताना बाईंचे डोळे भरले. मी स्वतःला थांबवायला हवं होतं. हात आधीच पुढे —

पुसलं.

३० ऑक्टोबर

बाई काउंटरवर बसून असतात. तळहात गुडघ्यांवर पालथे. कालपासून दुकान उघडंच आहे.

२ नोव्हेंबर

फोन. लेक म्हणाली, तुम्ही येत नाही तर मीच येते. बाळाला घेऊन. पुढच्या रविवारी. ऐकून घेतलं, फोन ठेवला.

मग कळलं. ती रडेल. बाळ तर रडणारच —

नको म्हणायला फोन केला. नंबर लावला. तिने उचलला, आणि काय सांगायचं होतं ते —

इथे लिहून ठेवतो. मोठ्या अक्षरात. लेक आली तर फडकं हातात घ्यायचं नाही. फडकं जाळायचं. आजच.

५ नोव्हेंबर

काडेपेटी टेबलावर आहे. कशाला काढली होती.

मागच्या पानावर कुणीतरी मोठ्या अक्षरात लिहिलंय. अक्षर माझ्यासारखं आहे. लेक कोण?

७ नोव्हेंबर

पाऊस. खिडकी पुसली. परत ओली. पुसली. परत —

९ नोव्हेंबर

दारात एक मुलगी उभी आहे. हातात तान्हं. बाबा म्हणते. बसा म्हटलं. बसत नाही.

वही मागितली. म्हटलं लिहून झालं की देतो. उभ्याउभ्याच विचारते, त्या दिवशी आईला काय म्हणालात, एवढंच सांगा, बाकी काही नको. कुणाच्या आईला, विचारलं.

आता रडतेय. आवाज नाही. बाळाला जाग आली, तेही —

दोन चेहरे. दोन्ही ओले. हनुवटीवर थेंब आहे, पडेल.

छातीत काहीतरी हललं. नको असं म्हणतंय. कुणाला नको ते —

ती जवळ आली. बाबा, घ्या हिला, म्हणते. देतेय माझ्याकडे. फडकं खिशातच आहे.

आधी लहान —